घासलेलं पदक

फाल्गुन निम्मा सरला की सिन्नरकडून येणाऱ्या एखाद्या एसटीच्या कंडक्टरजवळ माझ्यासाठी एक पिशवी असते. आई ती चढवून देते आणि फोन करते, "नंदे, स्टँडवर जा. चिंच निघाली." मी कॉलेजातून परस्पर स्टँडवर जाते. पिशवी हातात येण्याआधीच वास येतो. आंबट म्हणावा तर त्यात गूळ असतो, गोड म्हणावा तर दातांना कळ लागते. त्या वासाने कोणाच्याही तोंडाला पाणी सुटेल. माझे कान गरम होतात. सात वर्षं दर फाल्गुनात हेच होतं आहे.

आमच्या गावात चिंचा फोडायचे दिवस म्हणजे एक वेगळा ऋतूच. गहू पिवळा पडलेला असतो, कांदा काढायला अजून अवकाश असतो, सकाळचं ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं. बांधावरचं झाड झोडपून चिंचा अंगणात आणून पसरतात. दुपारी शेजारच्या चार बायका येतात. एक टरफलं फोडते, एक शिरा ओढते, आई विळी पायाखाली धरून चिंचोके काढते. पायाखाली टरफलं कुरकुरतात. तोंडं हातांपेक्षा जोरात चालतात.

"तू का गं चिंच खाल्ल्यावाणी तोंड करून बसली?"

"खाल्लीच हाय. तुझ्या वाट्याची."

त्या रिंगणात मला जागा नव्हती. मी जवळ गेले की आई हाताने हटकायची. "तू नको हात घालू. बोटं चरचरली की पेन धरवायचा नाय. आत बस, वाच." मी आत बसायची आणि वाचायची. बाहेर टरफलं फुटत असायची, हसणं फुटत असायचं. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली, बीए झालेली पहिली, पगाराच्या नोकरीची पहिली. भांडी घासणं, अंगण सारवणं यातलं मला धड काही येत नाही, आणि बरीच वर्षं मला त्याचा थोडा अभिमानही होता.

नाशिकच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी लागले, तिथेच गर्गेसर भेटले. निवृत्त चित्रकला शिक्षक, सत्तरीच्या पुढचे, खांद्याला कापडी पिशवी. पदकांवरचं एक जुनं पुस्तक शोधत आले होते. ते तळघरातल्या कपाटातून मी शोधून दिलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले आणि म्हणाले, "सुनंदाबाई, आमच्या मंडळाला तुमच्यासारखं माणूस पाहिजे. आमच्यात वस्तू सगळ्यांकडे आहेत, लिहून ठेवणारं कोणी नाही."

मंडळ म्हणजे अकरा माणसं. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सरांच्या गंगापूर रोडच्या घरी जमायची. घरातून निघताना कोणीच मंडळाला जातो म्हणत नसे. "दुसऱ्या रविवारला जातो" म्हणत. सगळे जमवायचे ती पदकं. पदक म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेतली लाल फितीची पत्र्याची चकती आली होती. सर हसले. "हे जिंकायचं पदक नाही, बाई. हे बघायचं पदक."

मग त्यांनी सांगितलं. पाचसहाशे वर्षांपूर्वी इटलीतल्या एका चित्रकाराने मेणात एका सरदाराचा चेहरा कोरला आणि तो काशात ओतला. एका बाजूला माणूस, दुसऱ्या बाजूला त्याच्या मनातलं काही. ते नाणं नव्हतं, त्याने बाजारात काही विकत मिळत नव्हतं. मित्रांना द्यायचं, बस्स. पुढे ठसे आले, यंत्रं आली. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपातल्या शहरांमध्ये पदकप्रेमींनी आपापल्या खासगी सोसायट्या काढल्या. सभासदांनी एकत्र यायचं, एखाद्या शिल्पकाराला गाठायचं, दरवर्षी एखादं नवं पदक करून घ्यायचं आणि सभासदांपुरतंच पाडायचं. काही पदकांच्या कडेवर सभासदाचा क्रमांकही ठोकलेला असे.

मला ती कल्पना फार आवडली होती. काहीही न जिंकता मिळणारं पदक. पहिला नंबर यावा म्हणून दिवाळीतही पुस्तक न मिटणाऱ्या मुलीला ते ऐकूनच हलकं वाटलं. आणि त्या टेबलाशी मला खुर्ची होती. डॉक्टर, वकील, प्राध्यापक, सराफ बाजारातले विसपुतेकाका, आणि मी. मी गेले की कोणीतरी सरकून म्हणायचं, "बसा, बसा." हे दोन शब्द मला घरी नेऊन ठेवावेसे वाटत.

मंडळाची एक रीत होती. नवं पदक आलं की टेबलावर घडी केलेला टॉवेल पसरायचा. पदक कडेने धरायचं, टॉवेलच्या वरच धरायचं, दोन्ही बाजूंनी बघायचं आणि शेजाऱ्याकडे द्यायचं. फेरी पूर्ण होईपर्यंत कोणी बोलायचं नाही. "पहिल्यांदा डोळ्यांना बोलू द्या," सर म्हणत. फेरी संपली की मात्र विसपुतेकाका सुटायचे. ते देवाचे टाक करणाऱ्या घराण्यातले. एकदा त्यांनी खिशातून एक जुना चांदीचा टाक काढून टेबलावर ठेवला होता. पिढ्यान्‌पिढ्या घासून देवीचं नाक गेलेलं, डोळे नुसते सावलीसारखे उरलेले. "आमचंही पदकच हे," ते म्हणाले. "फरक एवढाच, तुम्ही चेहरा राहावा म्हणून हात लावत नाही, आम्ही हात लावून लावून चेहरा संपवतो." सगळे हसले. मीही हसले. तेव्हाच मी नीट ऐकलं असतं तर.

सात वर्षांपूर्वीच्या त्या फाल्गुनात मंडळाची छोटी पुस्तिका काढायचं ठरलं. लिहायची मी. सरांनी आपल्या संग्रहातलं सगळ्यात लाडकं पदक माझ्या हातात ठेवलं. एका पारशी डॉक्टरांच्या संग्रहातून त्यांच्याकडे आलेलं बेल्जियमचं पदक, तिथल्या अशाच एका सोसायटीने सभासदांसाठी पाडलेलं. एका बाजूला वाकून बटाटे वेचणारी बाई. दुसऱ्या बाजूला रिकामं शेत आणि आभाळ. रंग भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालासारखा. बाईच्या कपाळावर तो जरा उजळ होता आणि पदराखाली, म्हणजे तिच्या डोक्यावरच्या रुमालाखाली, गडद होत गेला होता. मी तो पदरच समजत होते.

"घेऊन जा घरी," सर म्हणाले. "चार दिवस हातात असल्याशिवाय लिहिता येत नाही."

माझ्यावर एवढा विश्वास घराबाहेर तोवर कोणी टाकला नव्हता. पदक रुमालात, रुमाल डब्यात, डबा पिशवीत, पिशवी मांडीवर, अशी मी शनिवारी गावाला गेले.

अंगणात चिंचा फोडणं चालू होतं. आईला मी पदक दाखवलं. तिने लांबूनच मान वाकडी करून पाहिलं. "आपल्या कांद्याच्या वाफ्यातली बाई हाय का ही?" एवढंच म्हणाली.

मागून आणलेलं भांडं आमच्याकडे तसंच परत देत नाहीत. घासून लख्ख करायचं आणि आत चार दाणे का होईना घालून द्यायचं. ही रीत मी लहानपणापासून बघितली होती, हाताने कधी केली नव्हती. रविवारी सकाळी माझ्या मनात आलं, सरांनी एवढं केलं, आपण काय करतो? मी आईच्या परातीतली मूठभर चिंच घेतली, चुलीतली राख घेतली, मोरीतला काथ्या घेतला.

आई विळीवरून उठली नाही, पण हात थांबला. "सरांना इचारलं का?"

"त्यात काय विचारायचं? काळं पडलंय ते."

"लोकाची वस्तू हाय. काळी हाय का तशीच हाय, आपल्याला काय ठावं. आधी इचारून घे."

फोन खिशात होता. विचारता आलं असतं. पण विचारलं असतं तर कळलं असतं की मला माहीत नाही. त्या टेबलाशी बसून मी वर्षभर मान डोलवत होते, पॅटिना हा शब्दसुद्धा मी दोनदा वापरला होता. जुन्या काशावर चढलेला तो रंग शिल्पकारानेच अर्धा दिलेला असतो आणि उरलेला काळ देतो, म्हणून तो कधी काढायचा नाही, हे मी ऐकलंही होतं. पण माझ्या डोक्यात ते पुस्तकातलं होतं, आणि हातातलं पदक मला मळलेलं दिसत होतं. शिकलेलं आणि दिसणारं यांची कधी गाठच पडली नव्हती.

दहा मिनिटांत ते सोन्यासारखं झालं. मी उन्हात धरून पाहिलं. बाईचा चेहरा थोडा सपाट वाटला, पण चकाकत होता. मी खूष होते.

पुढच्या दुसऱ्या रविवारी टॉवेल पसरला. मी डबा उघडला आणि पदक पहिल्या हातात दिलं. रीतीप्रमाणे कोणी बोललं नाही. मला वाटलं, बघत आहेत. दुसऱ्या हाताने ते जरा पटकन पुढे दिलं. तिसऱ्याने चष्मा काढला आणि पुन्हा घातला. वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, लगेच टॉवेलकडे पाहिलं. विसपुतेकाकांनी ते कानाजवळ नेल्यासारखं केलं, जणू आत कोणी कण्हत होतं. अकरा माणसांची ती फेरी किती लांब असते हे मला त्या दिवशी कळलं. अर्ध्यावर मला पॅटिना आठवला. उरलेल्या अर्ध्यात मी फक्त सरांच्या हातांकडे बघत होते, कारण ते शेवटचे होते.

सरांनी ते घेतलं. दोन्ही बाजूंनी पाहिलं. खाली ठेवलं.

"हा काय तांब्या आहे का गं?" विसपुतेकाका म्हणाले. "कोणी घासलं हे?"

मी म्हणाले, "आईने."

कोणी काही बोललं नाही, म्हणून मी पुढेही बोलले. "गावाकडची आहे ती. तिला कळत नाही. मी बाहेर गेले होते तेवढ्यात."

आणि खोली सैल झाली. अजून आठवतं, कशी सैल झाली ते. कोणी म्हणालं, "अहो, आमच्या मातोश्रींनी तर आजोबांची तलवार घासली होती." कोणी चहा ओतला. सर म्हणाले, "आई आहे. प्रेमाने केलं. तिला काय बोलायचं?" आणि माझ्याकडे बशी सरकवली. माझ्यावर कोणी रागावलं नाही. उलट मला जपलं, अशा घरातून येऊन ही पोरगी इथवर आली म्हणून. माझी खुर्ची होती तिथेच राहिली. चहा प्यायले मी. बिस्किटही खाल्लं.

पुस्तिकेत सभासदांसाठी नियम होते. चौथा नियम सरांनी मला हसत हसत सांगितला आणि मी टाइप केला: पदक कधीही घासू नये, घरातील मंडळींनाही तशी समज द्यावी, आमच्या एका सभासदाच्या आईने मायेपोटी एक दुर्मीळ पदक चिंचेने उजळले होते. टाइप करताना माझी बोटं थांबली नाहीत. 'मायेपोटी' हा शब्द तर माझाच. तेवढ्याने आईवरचा अन्याय कमी होईल असं मला वाटलं असावं. पुस्तिका पुण्या-मुंबईच्या संग्राहकांकडे गेल्या, मनमाडला गेल्या. नवा सभासद आला की विसपुतेकाका पहिल्यांदा ही गोष्ट सांगत. साभिनय. आईचा आवाज काढत. तिला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, तरी तो आवाज पुष्कळसा तिच्यासारखा यायचा. लोक हसायचे. मी ओठ ताणून धरायची.

एखाद्याने चोरी करावी आणि ती वस्तू रोज वापरावी तसं होतं ते. मंडळात मला मिळालेला मान मी वापरत होते. गावी गेले की आई ताटात आधी मला वाढायची, तेही घेत होते.

यंदाच्या थंडीत आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नाशिकला केलं. महिनाभर माझ्याकडे राहिली. पट्टी निघाल्यापासून तिला सगळंच दिसायला लागलं. खिडकीच्या काचेवरचे डाग, माझ्या कुकरचं बूड, माझ्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं. सरांना कळलं तसा त्यांचा फोन आला. आता त्यांना घराबाहेर फारसं पडवत नाही. "मावशींना घेऊन या. एवढी वर्षं त्यांच्याबद्दल बोलतो, एकदा दर्शन तरी होऊ दे."

मी दोनदा टाळलं. तिसऱ्यांदा आईच म्हणाली, "म्हातारं माणूस बोलावतंय, न्हे की."

सरांनी दारात उभं राहून हात जोडले. "या मावशी. तुमच्यामुळे आमच्या मंडळाला एक नियम मिळाला." आणि त्यांनी सगळी गोष्ट सांगितली, मी ऐकलेली, मी रचलेली, हसत, प्रेमाने. "मी चिडलो नव्हतो हं तुमच्यावर. अजिबात नाही."

आई ऐकत होती. एकदा तिने माझ्याकडे पाहिलं. मी कपातल्या सायीकडे बघत होते.

"बघू," आई म्हणाली.

सरांनी खणातून पदक काढलं. आईने पदराला हात पुसले, ते घेतलं आणि खिडकीकडे तिरकं धरलं. नव्या डोळ्याने ती पाहत राहिली.

"राख चाळली नाय," ती म्हणाली.

"काय म्हणालात?"

"राख फडक्यातनं चाळून घ्यायची असती. नाय तर खडे ऱ्हातात. आन् ह्ये काथ्यानं घासलंय, ते बी गोल गोल. बघा, कसे वरखडे आलेत. असं भांडं माझ्या हातचं निघालं असतं तर सासूनं माझ्या डोक्यात घातलं असतं."

सर हसले. मग हसता हसता थांबले. उभं आयुष्य त्यांनी वस्तूवरच्या खुणा वाचण्यात घालवलं होतं. भिंग घेऊन त्यांनी पदक पाहिलं, खूप वेळ पाहिलं. मग भिंग खाली ठेवलं आणि आईला विचारलं, "मावशी, हे तुम्ही घासलंत?"

आई म्हणाली, "मीच म्हणा. पोरीला कधी भांड्याला हात लावू दिला नाय. तू वाच म्हणायची. तिला कसं ठावं, राख चाळतात म्हणून?"

तिला मला वाचवायचं होतं. पण माझ्यासारखं सफाईने खोटं तिला बोलता येत नाही.

"सर, मी घासलं होतं," मी म्हणाले. "आई मला आधी तुम्हाला विचार म्हणाली होती."

सरांनी पदक डब्यात ठेवलं, डब्याचं झाकण लावलं. "त्या दिवशी मी तुम्हाला काही बोललो असतो का, सुनंदाबाई?"

"नाही, सर."

"मग?"

त्याचं उत्तर आज लिहिताना देता येतं. मला त्यांच्या रागाची भीती नव्हती. त्या टेबलाशी मी खरं कोण बसले आहे ते कोणाला कळू नये, एवढंच मला हवं होतं. माझ्यातलं न कळणारं सगळं मी आईच्या अंगावर घातलं आणि कळणारी म्हणून खुर्चीत बसून राहिले. सर मग आईकडे वळले आणि म्हणाले, "मी सात वर्षं तुमच्यावर लोकांना हसवलं." आई म्हणाली, "तुमचा त्यात काय दोष?" 'तुमचा' या शब्दावर तिने मुद्दाम जोर दिला नव्हता. तरी तो पडला.

रिक्षात मी म्हणाले, "आई, चुकलं माझं."

सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा ती म्हणाली, "घासलं त्याचं काय नाय. पडंल परत काळं. मला अडाणी म्हणली त्याचं बी काय नाय, हायेच मी. पर मी इचार म्हणलं होतं, ते तू त्यांना सांगितलं नाय. माझं शाणपण झाकलं आन् माझ्या नावावर येडेपण लावलं." मग म्हणाली, "सॉरी मला नको म्हणू. ज्यांच्या म्होरं बोलली त्यांच्या म्होरं जाऊन बोल."

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी मी उभी राहिले आणि बोलले. वाटलं होतं, आता सात वर्षांपूर्वीची ती शांतता परत येईल, आणि ती मला सोसावी लागेल. तसं काही झालं नाही. वकीलसाहेब म्हणाले, "किती जुनं ते, जाऊ द्या हो." कोणी म्हणालं, "तुमचा प्रामाणिकपणा मोठा." विसपुतेकाका जरा हिरमुसले. "बरं, तू तर तू. पण आईच्या गोष्टीत मजा होती गं." मला शिक्षा हवी होती, ती द्यायला कोणालाच सवड नव्हती. उरलेल्या पुस्तिकांमध्ये मी चौथ्या नियमाखाली पेनाने दुरुस्ती केली. गेलेल्या पुस्तिका गेल्या.

मागच्या रविवारी नवा सभासद आला, सिन्नरच्या कारखान्यातला एक इंजिनीअर. विसपुतेकाकांनी सवयीने सुरुवात केली, "आमच्याकडे एकीची आई होती..." मी म्हणाले, "काका, आई नाही. मी." ते जीभ चावून गप्प झाले. इंजिनीअर दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला.

आणि परवा मनमाडहून एका संग्राहकांचा फोन आला. आवाजावरून वयस्कर, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे एक जुनं काशाचं पदक आलं होतं, त्याबद्दल विचारायचं होतं. बोलता बोलता म्हणाले, "घाबरू नका हं मॅडम, आमच्या घरी कोणी चिंच लावणार नाही. तुमच्या मंडळातल्या त्या आईसारखी."

"ती माझी आई," मी म्हणाले. "आणि पदक तिने नाही, मी घासलं होतं."

ते जरा अवघडून म्हणाले, "असं होय? पण आम्ही तर वेगळंच ऐकलं होतं."

"तेही मीच सांगितलं होतं," मी म्हणाले, आणि त्यांना पहिल्यापासून सांगायला लागले.